परत आलेले जंगल आणि शिखरावरची हॉली

पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे नाव वनशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी आशेने घेतले जाते. विसाव्या शतकाच्या चाळिशीत या बेटावर जेमतेम सहा टक्के जमिनीवर जंगल उरले होते. डोंगरउतार ऊस, कॉफी, तंबाखू आणि गुरचराईने व्यापले होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तीच जमीन पुन्हा झाडांनी भरली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाडांखालचा भाग बेटाच्या निम्म्याहून अधिक झाला. उष्ण कटिबंधात जंगल परतल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडते आणि ते खोटे मुळीच नाही. मात्र याच काळात, याच बेटाच्या सर्वांत उंच शिखरावर, हॉलीची एक जात संपण्याच्या बेतात आली. शास्त्रीय नावाने ती इलेक्स कुकी. बेट हिरवे होत असताना शिखरावरचे एक झाड का संपत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारला तरी तो दुर्मीळ वनस्पतींच्या यादीत ढकलला जातो आणि बेटाचा इतिहास वेगळ्या पुस्तकात राहतो. माझे म्हणणे असे, की या दोन्ही घटना एकाच इतिहासाच्या आहेत. ज्या आर्थिक बदलाने उतारांवर जंगल परत आणले, त्याच बदलाने शिखरावरचे जंगल खाल्ले.

हॉली म्हटले की आपल्याकडे नाताळच्या कार्डांवरची काटेरी पाने आणि लाल फळे डोळ्यांपुढे येतात. ती युरोपातली जात. इलेक्स या प्रजातीचा पसारा मात्र जगभर आहे. दक्षिण अमेरिकेत ज्याच्या पानांचा माते नावाचा काढा पेय म्हणून घेतात ते झाड याच प्रजातीचे, आणि नीलगिरीच्या शोला रानांत इलेक्स वाइटियाना उभी असते. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर, जिथे डोंगरमाथे ढगांत बुडालेले असतात, तिथे या प्रजातीच्या अगदी लहान टापूत राहणाऱ्या जाती घडल्या. इलेक्स कुकी त्यांपैकी एक. ती सदाहरित आहे, झुडूप किंवा लहान झाड एवढीच वाढते, आणि तिची नोंद सेरो दे पुंता हे १,३३८ मीटर उंचीचे शिखर आणि शेजारचे मोंते हायुया एवढ्याच माथ्यांवरून झाली. हॉलीच्या झाडांत नर आणि मादी वेगळे असतात, पपईसारखे. त्यामुळे एखाद्या माथ्यावर दहा झाडे उरली आणि त्यांत फुलणारी मादी एकच असेल, किंवा जवळपास नर नसेल, तर बी धरत नाही. तोडलेल्या खोडाच्या मुळांतून धुमारे फुटतात खरे, पण धुमारा हे त्याच झाडाचे आयुष्य लांबवणे आहे, नवी पिढी नव्हे. झाडांची गणना वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

या झाडापर्यंत शास्त्र पोचले त्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण शिखरे कधीपर्यंत शाबूत होती याचा पुरावा तिच्यात आहे. एकोणिसाव्या शतकात बेट स्पेनच्या ताब्यात होते. मायाग्वेस या बंदरात लेओपोल्ड क्रूग नावाचा जर्मन व्यापारी राहत होता. तो जर्मनीचा वाणिज्यदूतही होता. वनस्पतींचे त्याला वेड होते. मायदेशी परतल्यावर त्याने बर्लिनच्या इग्नाट्झ उर्बान या वनस्पतिशास्त्रज्ञाशी हातमिळवणी केली आणि पाउल सिंटेनिस या संग्राहकाला स्वतःच्या खर्चाने पोर्तो रिकोला धाडले. सिंटेनिस १८८४ ते १८८७ या काळात बेट पालथे घालत होता. किनाऱ्यापासून लुकियो पर्वताच्या माथ्यापर्यंत त्याने हजारो नमुने गोळा केले, आणि लुकियोच्या ठेंगण्या रानातली एक हॉली आज त्याच्या नावाने ओळखली जाते: इलेक्स सिंटेनिसी. अमेरिकेने १८९८ मध्ये बेट घेतल्यावर न्यू यॉर्क वनस्पती उद्यानाचे संचालक नॅथॅनियल ब्रिटन तिथे वारंवार जाऊ लागले. बेटाचे शास्त्रीय सर्वेक्षण १९१३ मध्ये सुरू झाले, आणि ब्रिटन व पर्सी विल्सन यांनी त्याच्या वनस्पतीविषयक खंडात १९२६ मध्ये इलेक्स कुकीचे वर्णन छापले. पुढे मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतीसंग्रह जळाला आणि उर्बानने अभ्यासलेले नमुने मोठ्या संख्येने त्यात गेले. सिंटेनिसच्या नमुन्यांच्या जोड्या इतर देशांतल्या संग्रहांकडे आधीच गेल्या होत्या म्हणून ते काम वाचले. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की १८८० ते १९२६ या काळात, म्हणजे खालचे उतार सर्वांत जोरात साफ होत असताना, संग्राहकांना माथ्यावर जिवंत, अनोळखी, जुने रान सापडत होते.

ते तिथे का टिकले? कायद्यामुळे टिकले असे एक उत्तर दिले जाते. स्पेनच्या राजाने, बाराव्या अल्फोन्सोने, १८७६ मध्ये लुकियोचे रान राखीव केले, आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ मध्ये त्याला अमेरिकी वनराखीवाचा दर्जा दिला. लुकियोपुरते हे उत्तर अर्धे बरोबर आहे. पण सेरो दे पुंता लुकियोत नाही. ते मधल्या पर्वतरांगेत आहे आणि तिथे कॉफीचे राज्य होते. उतुआदो, अदहुंतास, लारेस, याउको या गावांभोवती कॉर्सिका आणि मायोर्का बेटांवरून आलेल्या कुटुंबांनी मळे उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पोर्तो रिकोच्या निर्यातीत कॉफी साखरेच्या पुढे गेली होती. या कॉफीने डोंगर सोलला, पण अगदी माथा सोडला. कारण साधे होते: तिथे काहीच पिकत नव्हते. लुकियोच्या पिको देल एस्ते या माथ्यावर वर्षाला साडेचार मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यावर दिवसचे दिवस ढग अंगावरून जातात. माती कायम चिंब. वारा अखंड. झाडे चार-पाच मीटरच्या वर जात नाहीत, पाने लहान आणि जाड असतात, खोडांवर शेवाळाचे थर चढतात आणि मुळे जमिनीवर पसरतात. अशा रानात कॉफी लावणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे, लाकूड तोडावे तर ते वेडेवाकडे आणि खाली उतरवणे महाग. शिखराची राखण केली ती त्याच्या निरुपयोगीपणाने. चारशे वर्षांच्या स्पॅनिश अमलात एकाही सरकारी हुकमाने इतकी चोख राखण केली नसती.

मग उतारांचे नशीब पालटले. ८ ऑगस्ट १८९९ रोजी सान सिरियाको या चक्रीवादळाने तीन हजारांहून अधिक माणसे मारली आणि कॉफीचे पीक सावलीच्या झाडांसकट झोपवले. अमेरिकी अमलात स्पेन आणि क्यूबाच्या संरक्षित बाजारपेठा गेल्या. अमेरिकी जकातीचा आडोसा साखरेला मिळाला, कॉफीला मिळाला नाही. मळे सावरतात न सावरतात तोच सप्टेंबर १९२८ मध्ये सान फेलिपे हे आणखी भयंकर वादळ आले. तरीही डोंगर रिकामे झाले नाहीत. जमीन नसलेली माणसे तीव्र उतारांवर तंबाखू आणि कंदमुळे काढत राहिली, आणि चाळिशीतला सहा टक्क्यांचा आकडा त्या हलाखीचा आहे. खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारने ‘मानोस आ ला ओब्रा’ म्हणजे कामाला लागा या नावाने औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. कारखाने किनाऱ्यावरच्या शहरांत आले, विमानाचे तिकीट गरिबाच्या आवाक्यात आले आणि लाखो माणसे सान हुआन किंवा न्यू यॉर्ककडे निघाली. शेते पडीक राहिली, त्यांत झुडपे आली, मग झाडे. या नव्या रानांत सर्वांत जास्त आढळणारे झाड आफ्रिकेतले आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांकडेला आपण त्याला पिचकारी म्हणून ओळखतो, भडक केशरी फुलांचे ते. जांबाच्या गोतातले पोमारोसा हे आशियातून गेलेले झाडही ओढ्यांच्या काठी माजले. कॉफीच्या सावलीसाठी राखलेल्या देशी झाडांनीही आपापले बी टाकले. असे मिसळीचे जंगल उभे राहिले, आणि ते जंगलच आहे.

आता त्याच औद्योगिकीकरणाची दुसरी बाजू पाहा. शहरात गेलेल्या, वीज आणि पगार मिळवणाऱ्या समाजाला रेडिओ हवा होता, दूरचित्रवाणी हवी होती, पोलीस आणि विमानतळांना बिनतारी यंत्रणा हवी होती. बेटावरचे पहिले रेडिओ केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले होते. १९५४ मध्ये दोन दूरचित्रवाणी केंद्रे सुरू झाली. अशा लहरी सरळ रेषेत जातात, आणि या बेटाच्या मधोमध आडव्या डोंगररांगेने त्या अडतात. म्हणून मनोरा सर्वांत उंच जागी लागतो. ज्या शिखराला चार शतके काहीच किंमत नव्हती, त्याची नुसती उंचीच आता माल झाली. सेरो दे पुंता आणि आसपासच्या माथ्यांवर मनोरे चढले, त्यांच्यासाठी सपाट चौथरे तोडले गेले, चौथऱ्यांसाठी रस्ते आणि रस्त्यांसाठी कडे. या मनोऱ्यांचे महत्त्व किती वाढले होते हे एका दुःखद घटनेतून दिसते. २५ जुलै १९७८ रोजी शेजारच्या सेरो माराविया या शिखरावर दोन तरुण स्वातंत्र्यवादी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तिथले दळणवळणाचे मनोरे हे त्यांचे लक्ष्य असल्याचे सांगण्यात आले, आणि १९८३ मध्ये सिनेटच्या चौकशीचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण झाल्यावर साऱ्या बेटाने ते प्रकरण पाहिले. पोर्तो रिकोच्या राजकारणात माराविया हे नाव आजही त्या हत्यांचे नाव आहे. झाडांच्या इतिहासासाठी त्यातली एक गोष्ट पुरेशी आहे: १९७८ पर्यंत हे माथे रान राहिले नव्हते, ती सत्तेची ठाणी झाली होती. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६ जून १९८७ रोजी, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली इलेक्स कुकी संकटग्रस्त जाहीर झाली. त्याच माथ्यांवर वाढणारा एक लहान वृक्षनेचाही तिच्याबरोबर यादीत गेला. कारणांत दळणवळण केंद्रे आणि रस्ते यांची नावे आहेत. तोवर ज्ञात झाडे आणि धुमारे मिळून शंभरीही गाठत नव्हते. लुकियोच्या माथ्यांवरही रडार आणि दळणवळणाची केंद्रे आली होती, आणि इलेक्स सिंटेनिसीला १९९२ मध्ये त्याच यादीत जावे लागले. स्पेनच्या राजाचे राखीव आणि रूझवेल्टचे राखीव, दोन्ही असूनही. म्हणूनच वर म्हटले की कायद्याचे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही हॉली मुळातच दुर्मीळ होती. दोन माथ्यांवर राहणारी जात. तिला मनोरे नसते तरी एखाद्या वादळाने संपवले असते. तिचा टापू लहान होता हे मान्य करायलाच हवे. पण लहान टापू आणि ढासळती संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. बेट वादळांच्या वाटेवर हजारो वर्षे आहे आणि ही जात त्या वादळांतून पार पडलेली आहे. ठेंगणे रान वाऱ्यासाठीच घडलेले असते. वादळ पाने ओरबाडते, फांद्या मोडते, पण माती आणि मुळे जागच्या जागी ठेवते. यंत्राने सपाट केलेला चौथरा आणि त्यापर्यंत नेलेला डांबरी रस्ता या दोन्ही गोष्टी नेतो. जमीनच गेली तर या रानाचे काय होते याचा पुरावा लुकियोत आहे. १९६८ मध्ये तिथल्या ठेंगण्या रानात एक विमान कोसळले. पीटर वीव्हर या वनशास्त्रज्ञाने त्या जागेवर पुढची तीस वर्षे नजर ठेवली. खालच्या उतारावर तीस वर्षांत चांगले सावलीदार जंगल उभे राहते. इथे गवत आणि नेच्यांनी जागा धरली, झाडे अतिशय संथ आली आणि आजूबाजूच्या रानाची बरोबरी तीस वर्षांनंतरही झाली नाही. सहा टक्क्यांवरून निम्म्यावर जाणारा आलेख या जमिनीला लागू पडत नाही. त्या माथ्यांत नेमके काय होते हेही आपल्याला उशिरा कळले. इतक्या अभ्यासलेल्या बेटावर, याच ठेंगण्या रानात राहणारा एक वटवट्यासारखा लहान पक्षी शास्त्राला १९७२ पर्यंत अज्ञात होता. पहिले चौथरे तोडले गेले तेव्हा त्याचे नावही कोणी घेतलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो पोर्तो रिकोतूनच येतो. रिओ पिएद्रास इथल्या उष्णकटिबंधीय वनसंस्थेचे आरिएल लुगो यांनी आयुष्यभर सांगितले, की परदेशी झाडांच्या नव्या जंगलांकडे नाक मुरडून पाहू नका. पिचकारीच्या सावलीत देशी रोपे रुजतात, माती पुन्हा धरते, पाणी अडते, पाखरे येतात. खराब झालेल्या जमिनीवर जे काम देशी झाडांना जमत नाही ते ही झाडे करतात, आणि जुन्या जंगलाची अचूक प्रत मागत बसलो तर हातचे जंगलही गमावू. लुगो यांचे हे म्हणणे मला पटते. गरिबीने खरवडलेल्या उतारावर पिचकारीचे रान ही खरोखर मोठी मिळकत आहे, आणि तिला दुय्यम माल म्हणणाऱ्यांनी चाळिशीतले धुपलेले डोंगर आठवावेत. पण या म्हणण्याची हद्द त्याच्यातच आहे. पिचकारीखाली रुजणारे देशी बी कुठून येते? ओढ्याकाठच्या खबदाडांतून, कॉफीच्या सावलीतून, तोडायला अवघड म्हणून उरलेल्या जुन्या तुकड्यांतून. नवे जंगल जुन्याच्या भांडवलावर उभे आहे. जी जात फक्त माथ्यावर होती तिला हा परतीचा रस्ता मुळातच नाही, कारण तिच्यासाठी वर दुसरा तुकडा शिल्लक नसतो. लुगो यांचा युक्तिवाद उतारांसाठी बरोबर आहे, तो शिखरांना लावणे चूक.

आणि मनोरे नकोत का? सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त केले तेव्हा मोबाइलची जवळजवळ सगळी केंद्रे बंद पडली होती. कोण कुठे अडकले आहे, कुणाला औषध हवे आहे, हे कळण्याची सोय उरली नाही. त्या दिवसांत एकेका मनोऱ्याची किंमत माणसांच्या जिवाइतकी होती, आणि ज्याला हे दिसत नाही त्याने झाडांबद्दल बोलू नये. माझी तक्रार मनोऱ्याशी नाही. तक्रार आहे ती या गोष्टीशी, की चौथरा कुठे तोडायचा, रस्ता कुठून न्यायचा, एकाच मनोऱ्यावर किती यंत्रणा बसवता येतात, हे ठरवताना माथ्यावर काय उभे आहे ते कोणी मोजले नाही. १९२६ चा खंड तेव्हा छापलेला होता. शिखराचे आणि झाडाचे नाव त्यात होते. दोन माथ्यांवरच्या जातीसाठी काही मीटर इकडे की तिकडे हाच प्रश्न असतो, आणि तेवढी सोय खर्चात जाणवलीही नसती. मोजणी न होण्याचे कारण मला असे दिसते, की जंगलाचा हिशेब तेव्हा एकरांत आणि टक्क्यांत होत होता. त्या हिशेबात शिखराचा माथा म्हणजे जवळजवळ शून्य. माथा गेला तरी टक्का हलत नाही, आणि खाली हजारो एकर पडीक जमीन झाडांनी भरत असेल तर तो वरच जातो. शिखर तुटत असताना बेटाचे प्रगतिपुस्तक सुधारत होते, ते असे.

हा हिशेब आपल्याकडेही तसाच चालतो. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल दर दोन वर्षांनी येतो. त्यात एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे ती सगळी वनाच्छादनात धरली जाते, मालकी कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. फळबागा, बांबू आणि ताड-माडही त्यात येतात. म्हणजे कोकणातली हापूसची बाग, काजूची लागवड, दोडामार्गकडचे रबराचे मळे आणि आंबोलीचे जुने रान एका रकान्यात बसतात. एका ठिकाणी जुने रान तुटले आणि दुसरीकडे तेवढेच रबर लागले, तर आकडा जागचा हलत नाही. पुढचा अहवाल आला आणि महाराष्ट्राचे वनाच्छादन वाढल्याची बातमी वाचलीत, तर आपल्या जिल्ह्यात कधीच न तोडलेले रान किती उरले आहे हा दुसरा आकडा वनखात्याकडे मागा, लेखी मागा, आणि तो तालुकावार मागा.